बटणावरची वीस मिनिटे

यंदाच्या जानेवारीत पत्नीच्या कामाची वेळ बदलून दुपारी दोन ते रात्री दहा अशी झाली आणि संध्याकाळचा स्वयंपाक संपूर्णपणे माझ्याकडे आला. तोपर्यंत मी स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हतो असे नाही. पण हाताखाली मदत करणे आणि जेवणाची जबाबदारी घेणे यांत किती अंतर आहे, हे पहिल्याच आठवड्यात ध्यानात आले. मी पावणेसातच्या सुमारास घरी येतो, आईला रात्रीच्या औषधांमुळे आठच्या आत जेवावे लागते, आणि नऊ वर्षांची मुलगी सात वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी येऊन पातेल्यावरचे झाकण उचलून पाहते. त्या आठवड्यात आम्ही एकदाही सव्वाआठच्या आत जेवायला बसलो नाही. दोन दिवस तर आईने नुसते दूध पिऊन औषधे घेतली, आणि त्याबद्दल ती एका शब्दानेही बोलली नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले.

साहजिकच झटपट स्वयंपाकाच्या यंत्रांकडे माझे लक्ष गेले. एक बटण दाबले की भात, वीस मिनिटांत कडधान्य, चमचाभर तेलात कुरकुरीत बटाटे, अशी आश्वासने रात्री अकराला थकून वाचताना फारच खरी वाटतात. मी त्याच रात्री एक यंत्र मागवून मोकळा होणार होतो. आईने थांबवले. "यंत्र खुशाल घे, पण आधी तुझा वेळ जातो कुठे, ते लिहून तर काढ," ती म्हणाली. तिची नोकरीची सगळी वर्षे हिशेब खात्यात गेली असल्यामुळे कोणत्याही अडचणीवर तिचे पहिले औषध म्हणजे वही.

त्याप्रमाणे ८ ते २१ जानेवारी असे दोन आठवडे मी ओट्याशेजारी वही टांगली आणि स्वयंपाकघरात शिरल्यापासून ताटे मांडेपर्यंतची प्रत्येक वेळ टिपली. सरासरी निघाली ८८ मिनिटे. त्यांपैकी काही ना काही आचेवर असण्याचा वेळ फक्त ४१ मिनिटे होता. उरलेल्या ४७ मिनिटांत २४ मिनिटे धुणे, निवडणे आणि चिरणे यांत, १२ मिनिटे आधीची खरकटी भांडी घासण्यात, आणि तब्बल ११ मिनिटे 'आज काय करायचे' हे ठरवण्यात आणि त्यासाठी लागणारे जिन्नस शोधण्यात जात होती. म्हणजे जगातले सर्वांत वेगवान यंत्र जरी आणले, तरी ते त्या ४१ मिनिटांतलेच काही वाचवू शकणार होते. हा आकडा खरेदीपूर्वी हाती होता म्हणून पुढचा बराच खर्च टळला. कुणी या वाटेने जाणार असेल, तर दोन आठवडे शक्य नसले तरी निदान चार दिवस अशी नोंद अवश्य ठेवावी.

२२ जानेवारीनंतरचा आठवडा निवड करण्यात गेला. माहितीपत्रकातले जेवणांचे फोटो न पाहता मी शक्य तेथे वापरपुस्तिका आधी मिळवून वाचल्या, कारण जाहिरातीत नसलेल्या गोष्टी पुस्तिकेत बारीक अक्षरांत का होईना, पण असतात. इलेक्ट्रिक प्रेशर कुकर, ज्याला हल्ली मल्टीकुकर म्हणतात, त्याच्या वेळापत्रकाखाली एक ओळ होती: दिलेली वेळ दाब तयार झाल्यानंतरची आहे. ही ओळ मी तेव्हा वाचली आणि तिचा अर्थ मला मार्चमध्ये कळला. आणखी तीन गोष्टी पाहून घेतल्या. यंत्र किती वॅटचे आहे, झाकणाची रबरी रिंग आणि आतले भांडे सुटे मिळते का, आणि दुरुस्तीसाठी तंत्रज्ञ घरी येतो की यंत्र आपण न्यावे लागते. शेवटी सहा लिटरचा, १००० वॅटचा मल्टीकुकर, २००० वॅटची इलेक्ट्रिक केटल आणि २००० वॅटची एका चुलीची इंडक्शन शेगडी एवढे घ्यायचे ठरले. मायक्रोवेव्ह घरात होताच, फक्त त्यात गेली सहा वर्षे चहा आणि उरलेले अन्न गरम करण्यापलीकडे काही झाले नव्हते.

येथे विजेचा प्रश्न पुढे आला. यंत्राच्या वॅटच्या आकड्याला घरातल्या व्होल्टेजने भागले की किती अँपिअर प्रवाह लागेल ते कळते. आमच्याकडच्या २३० व्होल्टला केटल, शेगडी आणि कुकर एकाच वेळी चालू केले तर ५००० वॅट, म्हणजे जवळपास २२ अँपिअर लागणार होते, आणि स्वयंपाकघराच्या सगळ्या सॉकेटांना मिळून १६ अँपिअरचा एकच एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा स्विच, होता. २७ जानेवारीला आलेल्या वायरमनने पेटी उघडून पाहिली आणि दोन स्वतंत्र सर्किटे ओढावी लागतील, अर्थिंग तपासावे लागेल, आणि वीज कंपनीकडे मंजूर भार, म्हणजे घरात एका वेळी वापरता येणाऱ्या विजेची मर्यादा, वाढवून घ्यावा लागेल, असे सांगितले. एक्स्टेन्शन बोर्ड लावून काम भागवता येईल का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी जुन्या बोर्डाची वितळलेली पिन खिशातून काढून माझ्या हातावर ठेवली. बहुधा हा प्रश्न त्यांना नेहमी विचारला जात असावा. वायरिंगचा खर्च मल्टीकुकरच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा झाला. यंत्राच्या अंदाजपत्रकात हा खर्च कोणीही धरत नाही, तो धरावा.

भारवाढीचा अर्ज ३० जानेवारीला दिला. अर्जासोबत शेवटचे वीजबिल, ओळखपत्र, घराच्या मालकीचा पुरावा, जोडणार असलेल्या उपकरणांची वॅटसह यादी आणि परवानाधारक वायरमनचा चाचणी अहवाल एवढी कागदपत्रे होती. ९ फेब्रुवारीला अर्ज परत आला. वीजबिल अजूनही वडिलांच्या नावावर होते, आणि ते जाऊन चार वर्षे झाली होती. नाव बदलण्याचा अर्ज, मृत्यूच्या दाखल्याची प्रत, इतर वारसांचे संमतीपत्र अशी कागदपत्रे नव्याने जोडावी लागली. संमतीपत्रावर ताईची आणि आईची सही हवी होती. आईने चष्मा लावून कागद दोनदा वाचला, सही केली आणि एवढेच म्हणाली, "जुने बिल टाकून देऊ नकोस." स्वयंपाक लवकर व्हावा म्हणून सुरू केलेल्या खटाटोपात हा प्रसंग येईल, याची मला कल्पना नव्हती. सुधारित अर्ज १३ फेब्रुवारीला दाखल झाला, ४ मार्चला मंजुरीचा संदेश आला आणि दोन दिवसांनी मीटर बदलून मिळाला. शुल्क किरकोळ होते, पण पाच आठवडे गेले. असा अर्ज करण्यापूर्वी बिलावरचे नाव तपासून घ्यावे, एवढी एक सूचना मला कोणी केली असती, तर त्यांतले दोन आठवडे वाचले असते.

मल्टीकुकर एकटा जुन्या वायरिंगवर चालू शकत होता, म्हणून तो ३ फेब्रुवारीलाच आणला. पहिल्या दिवशी फक्त पाणी घालून चाचणी घ्यावी असे पुस्तिकेत लिहिलेले असते. ती मी घेतली आणि ती बिनचूक झाली, त्यामुळे माझा आत्मविश्वास वाढला. १० फेब्रुवारीला मात्र डाळ आणि बटाटे लावले असताना झाकणाच्या कडेने वाफ निघू लागली आणि दाब काही केल्या तयार होईना. पस्तीस मिनिटांनी डाळ आणि बटाटे शेगडीवरच्या पातेल्यात ओतले आणि नऊ वाजता जेवलो. रिंग काढून, धुऊन, पुसून, पुन्हा खोबणीत नीट बसवून पाहिली. पण फरक पडला नाही.

११ तारखेला तक्रार नोंदवली. तक्रार क्रमांक मिळाला, मात्र त्यानंतर पावती, सीरियल नंबर, वॉरंटीच्या नोंदणीचा पुरावा आणि बिघाडाचा व्हिडिओ असे एकेक करून चार वेगवेगळ्या दिवशी मागण्यात आले. तंत्रज्ञ १६ तारखेला आला आणि झाकणाची कड मुळातच किंचित वाकडी असल्याचे त्याने पाच मिनिटांत सांगितले. यंत्र बदलून मिळणार हे निश्चित झाले, पण प्रत्यक्ष यंत्र यायला ५ मार्च उजाडला. मूळ खोका आणि आतले पुठ्ठे असल्याशिवाय जुने यंत्र परत घेतले जात नाही, आणि मी तो खोका रद्दीत देण्यासाठी दाराशी काढून ठेवला होता. केवळ रद्दीवाला त्या आठवड्यात आला नाही म्हणून निभावले. खोका किमान दोन महिने ठेवावा, सीरियल नंबरचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवावा, आणि दूरध्वनीवर झालेले बोलणे त्याच दिवशी दोन ओळींच्या ईमेलने कळवावे.

या सक्तीच्या सुट्टीत मी या यंत्रांच्या मागे नेमके काय चालते ते वाचून काढले, आणि खरे सांगायचे तर पुढे उपयोगी पडले ते हेच. दाबाने शिजवण्याची कल्पना डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकाची. त्याने १६७९ मध्ये लंडनमध्ये घट्ट झाकणाचे भांडे दाखवले, आणि ते फुटू नये म्हणून वाफ सोडणारी झडपही त्याचीच. उघड्या पातेल्यात कितीही मोठी आच केली तरी पाणी साधारण १०० अंश सेल्सिअसच्या वर तापत नाही. दाब वाढला की उकळबिंदू चढतो. शेगडीवरच्या प्रेशर कुकरमध्ये तो सुमारे १२० अंशांपर्यंत जातो, तर इलेक्ट्रिक कुकरमध्ये दाब थोडा कमी ठेवलेला असल्याने तो बहुधा ११५ ते ११८ अंशांच्या आसपास राहतो. म्हणजे ज्या यंत्राला आपण आधुनिक समजतो, ते शेगडीवरच्या कुकरपेक्षा किंचित सावकाशच शिजवते. ते विकत घेण्याचे कारण वेग हे नसून, ते स्वतःहून बंद होते हे आहे.

स्वतःहून बंद होण्याची युक्तीही मला फार आवडली. तोशिबा कंपनीने १९५५ मध्ये जपानमध्ये आणलेल्या विजेच्या भाताच्या कुकरमध्ये एकात एक अशी दोन भांडी होती. बाहेरच्या भांड्यात मोजून घातलेले पाणी आटेपर्यंत तापमान १०० अंशांवर अडून राहायचे. ते आटले की तापमान एकदम चढायचे आणि दोन धातूंची पट्टी वाकून वीज बंद व्हायची. यंत्राला भात शिजल्याचे कळत नाही, पाणी संपल्याचे कळते. ही गोष्ट लक्षात आल्यापासून भात कच्चा किंवा गिचका झाला तर मी यंत्राला दोष न देता पाण्याचे माप तपासतो.

मायक्रोवेव्हचा इतिहास याहून अद्भुत आहे. रेथिऑन कंपनीत रडारचे काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांना १९४५ च्या सुमारास या लहरींनी अन्न तापते हे जाणवले. १९४७ मध्ये बाजारात आलेला पहिला मायक्रोवेव्ह माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. आमच्या स्वयंपाकघरात तो आला असता तर मला बाहेर उभे राहून स्वयंपाक करावा लागला असता. कामाचा मुद्दा असा की त्याच्या लहरी अन्नात काही सेंटीमीटरच शिरतात; त्यापुढचे केंद्र बाहेरून आत सरकणाऱ्या उष्णतेनेच शिजते. शिवाय ऊर्जा ठरावीक असल्यामुळे ती सगळ्या अन्नात वाटली जाते. एक बटाटा पाच मिनिटांत होत असेल, तर चार बटाट्यांना पंधरा मिनिटांहून अधिक लागू शकतात. एकट्या माणसासाठी मायक्रोवेव्ह झटपट असतो, चौघांसाठी तो तितका राहत नाही. हे वाचल्यावर मी ताटातले अन्न मध्ये ढीग न करता कडेने गोल पसरून तापवू लागलो, अर्ध्यात एकदा ढवळू लागलो आणि थांबल्यावर दोन मिनिटे झाकून ठेवू लागलो. बाहेरून चटका आणि आत गार, हा सहा वर्षांचा अनुभव एका आठवड्यात संपला.

६ मार्चला नवा मीटर, नवे सर्किट आणि नवा कुकर असे सगळे एकदम हाती आले आणि खऱ्या प्रयोगांना सुरुवात झाली. पहिल्या संध्याकाळी मी भिजवलेले हरभरे लावले आणि पुस्तिकेप्रमाणे वीस मिनिटांचे बटण दाबले. पडद्यावर वीसचा आकडा दिसायलाच अठरा मिनिटे लागली. मग वीस मिनिटे शिजणे. त्यानंतर वाफ आपोआप उतरेपर्यंत आणखी सतरा मिनिटे, कारण कडधान्यांत झडप लगेच उघडली तर फेस वर येऊन झडपेत अडकतो आणि गरम पाणी बाहेर उडते. एकूण ५५ मिनिटे. बटणावरची वीस मिनिटे खोटी नव्हती. ती फक्त मधली वीस मिनिटे होती. जानेवारीत वाचलेल्या त्या बारीक ओळीचा अर्थ असा होता.

सुरुवातीच्या अठरा मिनिटांचा हिशेब आईने आणि मी वहीतच मांडला. दोन लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ६३० किलोज्यूल ऊर्जा लागते, आणि १००० वॅटचे यंत्र सेकंदाला एक किलोज्यूलच देऊ शकते. म्हणजे काहीही वाया न जाता साडेदहा मिनिटे नुसत्या पाण्याचीच झाली. त्यात धान्य, भांडे आणि झाकण तापायचे वेगळे. बटणे चौदा असोत की चार, वॅट तेवढेच असतात. यावर उपाय दोनच: पाणी कमी घालणे, किंवा ते आधीच तापलेले घालणे. दुसऱ्या दिवसापासून मी घरात शिरताच कपडे बदलण्याआधी २००० वॅटची केटल लावू लागलो. तिच्यात दीड लिटर पाणी पाचेक मिनिटांत उकळते, आणि ते कुकरमध्ये ओतले की दाब तयार व्हायला सातआठ मिनिटे पुरतात. केटल हे सर्वांत स्वस्त यंत्र होते आणि वेळ त्याने सर्वांत जास्त वाचवला, ही गोष्ट जरा खटकणारी असली तरी वहीत तशी नोंद आहे.

चुका बऱ्याच झाल्या. ९ मार्चला कांदा कुकरच्याच भांड्यात परतला, तळाला चिकटलेला थर खरवडला नाही आणि वरून दाट रस्सा ओतला. अर्ध्यात तळ करपल्याची सूचना देऊन यंत्र बंद पडले. तेव्हापासून परतल्यावर अर्धी वाटी पाणी घालून तळ लाकडी चमच्याने साफ करतो, आणि दाट पदार्थ दाब उतरल्यावर मिसळतो. १४ मार्चला भांडे काठोकाठ भरले. फुगणारी धान्ये अर्ध्या भांड्यापर्यंत आणि इतर पदार्थ दोनतृतीयांशापर्यंतच भरायचे असतात. ते न पाळल्याने झडपेतून निघालेला फेस भिंतीवरून पुसण्यात अर्धा तास गेला. रबरी रिंगेत वास मुरतो हे कोणी सांगितले नव्हते. तिखट रश्श्यानंतर केलेल्या खिरीला मुलीने तोंडही लावले नाही. आता गोड पदार्थांची रिंग वेगळी आहे.

एक चूक मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. कुकरला उशिरा सुरू होण्याची सोय आहे. सकाळी आठला धुतलेले तांदूळ पाण्यासह ठेवून तो संध्याकाळी साडेसहाला सुरू होईल असे लावले, आणि उकाड्याच्या दिवसात दहा तास पाण्यात राहिलेल्या त्या तांदळाला घरी आल्यावर आंबूस वास येत होता. मी तो फेकून दिला. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जीवाणू वेगाने वाढतात, आणि तांदळात आढळणाऱ्या बॅसिलस सिरियस या जीवाणूचे एक विष पुन्हा उकळल्यानेही जात नाही. शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे, हा नियमही त्याच कारणासाठी आहे. राजम्याच्या बाबतीत मी वाचून वेळीच सावध झालो. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. राजमा किमान पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात तो खळखळून उकळावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना किमान दहा मिनिटे सांगते; मी अर्धा तास धरतो. कुकरच्या 'मंद आच' या बटणावर तो लावला तर मऊ होईल, पण तापमान पुरेसे चढेलच असे नाही. ते बटण राजम्यासाठी आमच्या घरी बंद आहे, आणि तशी चिठ्ठीही यंत्रावर चिकटवली आहे.

मार्चच्या शेवटी एअर फ्रायरचा मोह झाला. ताईकडे तो होता. "घेऊ नकोस, माझाच घेऊन जा, नुसता पडून आहे," असे ती म्हणाली, यातच खरे तर उत्तर होते. हे यंत्र २०१० मध्ये फिलिप्सने बाजारात आणले तेव्हापासून त्याची ख्याती तळण्याची असली, तरी प्रत्यक्षात ती पंखा असलेली छोटी भट्टी आहे. लहान जागेत गरम हवा जोरात फिरत असल्यामुळे ती लवकर तापते. बटाट्याच्या फोडी एका थरात पसरल्या तर उत्तम होतात. परंतु आम्हा चौघांपुरत्या फोडी एका थरात मावत नाहीत. एकावर एक रचल्या की त्या कुरकुरीत न होता वाफवल्यासारख्या होतात, आणि दोन खेपा केल्या की एकूण ४० मिनिटे जातात. दोन आठवड्यांनी तो पुसून ताईला परत केला. एकदोन माणसांच्या घरात माझे मत वेगळे झाले असते. यंत्र विकत घेण्याआधी कोणाकडून तरी पंधरा दिवस मागून आणावे. ते बहुधा सहज मिळते.

इंडक्शन शेगडीबद्दल तक्रार करायला जागा नाही. तिच्यात भांड्याचा तळच तापतो, त्यामुळे उष्णता फारशी वाया जात नाही. केवळ चुंबक चिकटणारी भांडीच चालतात, म्हणून आईने मुलीच्या हाती चुंबक देऊन तिला सगळ्या फडताळांतून फिरवले. अकरापैकी चारच भांडी पास झाली.

एवढे होऊनही एप्रिलच्या सुरुवातीला सरासरी ७४ मिनिटे होती. चिरणे, घासणे आणि ठरवणे हे तिघेही जागच्या जागी होते. त्यासाठी विजेचा उपयोग झाला नाही. रविवारी सकाळी दीड तास बसून पुढच्या सहा संध्याकाळचे पदार्थ एका कागदावर लिहायचे, दोन प्रकारची कडधान्ये मोठ्या प्रमाणात शिजवून, पसरट डब्यांत लवकर निववून, एका जेवणापुरते भाग करून फ्रीझरमध्ये ठेवायचे, कांदे चिरून परतून ठेवायचे, अशी पद्धत लावली. फ्रीझरचे तापमान उणे १८ अंश आहे ना, ते साध्या तापमापकाने तपासले. ते उणे ११ निघाले, आणि मागची जाळी साफ केल्यावर खाली आले. तयार सोललेले मटार, चिरलेल्या भाज्यांची गोठवलेली पाकिटे हेही आणू लागलो. गोठवलेल्या भाजीविषयी आईला आधी नाराजी होती. त्या भाज्या काढल्यावर थोड्याच वेळात उकळत्या पाण्यातून काढून गोठवतात, त्यामुळे चार दिवस फ्रिजमध्ये सुकलेल्या ताज्या भाजीपेक्षा त्या वाईट नसतात, हे मी तिला समजावून सांगितले. पटले असे ती म्हणाली नाही, पण मटार सोलण्याचे थांबले.

१६ ते ३० एप्रिल या पंधरा संध्याकाळी पुन्हा नोंद केली. सरासरी ५८ मिनिटे. त्याहून महत्त्वाचा आकडा आईने वेगळा रकाना आखून काढला होता, तो म्हणजे ओट्यापाशी प्रत्यक्ष उभे राहण्याचा वेळ. जानेवारीत तो रोज सत्तरच्या घरात असावा असा आमचा अंदाज आहे. आता तो ३० मिनिटे आहे. उरलेल्या वेळात मी मुलीचा गृहपाठ घेतो आणि कुकर वाजला तर तीच मला सांगते. पंधरापैकी अकरा दिवस आम्ही आठच्या आत जेवलो. उरलेल्या चारांपैकी दोन दिवस वीज गेली होती, आणि दोन दिवस मी रविवारचा कागद कुठे ठेवला ते विसरलो होतो. रविवारचा दीड तास या सरासरीत धरलेला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. तो धरला तर दिवसाला साधारण १५ मिनिटे वाढतात. वीजबिल अंदाजे पाचव्या हिश्शाने वाढले, आणि गॅसचा वापर त्याहून थोडा जास्त कमी झाला.

वाढलेल्या भाराचे आणि बदललेल्या नावाचे पहिले बिल २ मेला आले. आईने ते वहीत चिकटवले आणि वडिलांच्या नावाचे शेवटचे बिल त्याच्या मागच्या पानात ठेवले. झाकणाची मूळ रिंग आता थोडी सैल वाटते आहे. नवी मागवली असून सेवा केंद्राने आठ ते दहा दिवस सांगितले आहेत. तोपर्यंत गोडाची रिंग तिखटाला वापरावी की नाही, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.